भिंतीतला जिना

रघुवीरने वेल्समधलं ते दगडी फार्महाऊस घेतलं तेव्हा देविकाला वाटलं होतं, सुट्टीपुरतं असेल. दोघं लीड्समध्ये डॉक्टर. तो हाडांचा, ती रेडिऑलॉजीतली. मग दोघं पाठोपाठ रिटायर झाले, लीड्सचं घर लेकीला, मायराला राहायला दिलं आणि डोंगरातलं हे घर कायमचं होऊन बसलं. कधी ठरलं, कुणी ठरवलं, ते देविकाला आता सांगता आलं नसतं.

घर उतारावर लांबट पसरलेलं. वरच्या अंगाला माणसं, खालच्या अंगाला गुरं, एकाच छपराखाली; शेण-मूत आपोआप खाली वाहून जावं म्हणून. भिंती तीन फूट जाडीच्या, त्यामुळे खिडकी म्हणजे बोगदाच. सगळी दरी गोठ्याच्या टोकाकडे होती, पण वारा-पाऊसही तिकडूनच यायचा, म्हणून बांधणाऱ्यांनी त्या टोकाला एकही खिडकी ठेवली नव्हती. घर ऐतिहासिक म्हणून संरक्षित. नवी खिडकी पाडायला कौन्सिल परवानगी देईना. हिवाळ्यात स्वयंपाकघरात भर दुपारी दिवा लावावा लागे.

रघुवीर मात्र रमला होता. आधीच्या मालकांनी भिंतींना थापलेलं सिमेंट तो खरवडून काढायचा आणि चुना भरायचा. "दगडांना श्वास घेता आला पाहिजे," म्हणायचा.

जानेवारीत पावसाची झड लागली. रघुवीर चुना आणायला गावात गेला आणि देविका रजई आणायला वर गेली. जिना चुलाण्याशेजारी, भिंतीच्या जाडीतच वळत गेलेला, दगडी पायऱ्यांचा. तळाशी ओकच्या फळ्यांचं दार. ते वाऱ्याने तिच्यामागे धाडकन लागलं. ती रजई घेऊन खाली आली तर दार हलेना. लाकूड ओलीने फुगलं होतं. तिने खांद्याने रेटलं, लाथ मारून पाहिली. फोन खाली टेबलावर होता, आणि असता तरी त्या भिंतींत सिग्नल कुठला.

वरच्या खोलीच्या वीतभर खिडकीतून तिने हाका मारल्या. बऱ्याच वेळाने शेजारच्या ग्वेनबाईंनी ऐकल्या. ग्वेन ऐंशीच्या पुढच्या, याच घरात जन्मलेल्या, आता रस्त्यापलीकडच्या बंगल्यात राहणाऱ्या. त्यांनी आत येऊन दार ओढून पाहिलं, आणि मग सरळ चुलाण्यापाशी स्टूल घेऊन बसल्या.

"तो येईपर्यंत बसते मी," त्या दाराआडून म्हणाल्या. "तुझा नवरा मला सारखा विचारतो, गाई कुठे बांधायचे, ब्रेड कुठे भाजायचे. मी सांगते. घर सोडताना कसं वाटलं, ते नाही विचारत."

"कसं वाटलं?"

"लग्नाची गाडी फाटकाबाहेर पडली, मी मागे वळूनही पाहिलं नाही. आई याच चुलाण्यापाशी खोकून खोकून गेली. बंगला बांधताना नवऱ्याला म्हटलं, खिडक्या मोठ्या कर. बाकी तुला हवं ते कर."

देविका गार पायरीवर रजई गुंडाळून बसली.

रघुवीर आला. दारावरून त्याचा हात फिरल्याचा आवाज आला.

"देविका, घाई करू नकोस. बिजागऱ्या मूळच्या आहेत. रंधा आणतो, कड तासली की निघेल."

"किती वेळ?"

"तासभर लागेल."

"रघू, तोड ते दार."

"अगं, दोनशे वर्षांचं दार आहे. बस ना जरा."

त्याची पावलं गोठ्याकडे गेली. देविका उठून वर गेली. चुलाण्याच्या धुराड्यात सापडलेल्या वस्तू त्याने खिडकीत मांडून ठेवल्या होत्या. त्यांत पाथरवटाचा एक जड हातोडा होता. तो घेऊन ती खाली आली.

"ग्वेन, बाजूला व्हा."

ओक कसलं दाद देतंय. पण खालच्या अंगाला एक फळी किडीने पोखरलेली होती. तिथे ती मारत राहिली, हात भरून आले तरी. फळी फुटली, शेजारची निखळली, आणि देविका वाकून, खरचटत बाहेर आली.

रघुवीर रंधा घेऊन गोठ्याकडच्या दारात उभा होता. त्याची नजर आधी फळीवर गेली. क्षणभरच. मग त्याने विचारलं, "लागलं का तुला?"

चहा तिने ग्वेनच्या बंगल्यात घेतला. काचेतून दरी पार नदीपर्यंत दिसत होती.

संध्याकाळी ती रघुवीरला म्हणाली, "मी लीड्सला जाते."

"एका दारासाठी?"

"दारासाठी नाही. मी आत आहे, हे तुला माहीत होतं."

त्याने फुटलेली फळी उचलून चुलाण्याशेजारी उभी करून ठेवली.

आता ती मायराकडे मागच्या खोलीत राहते. "आई, बाबा तिकडे एकटा कशी राहणार?" मायरा तिच्या मोडक्या मराठीत विचारते. देविकालाही ते माहीत नाही.

घरात रेंज नाही म्हणून रघुवीर फाटकापाशी येऊन फोन करतो.

"येतेस?" तो विचारतो.

"तू ये."

"गोठ्याची भिंत उघडी आहे गं. चुना ओला आहे, थंडी पडली तर सगळा गळून पडेल. सोडून नाही येता येत."

त्याच्या रेनकोटवर पडणारा पाऊस तिला ऐकू येतो.

"आत जा, भिजशील," ती म्हणते.

"जातो," तो म्हणतो, आणि फोन काही ठेवत नाही.