दांडीवरची बाटली

हळदीच्या दिवशी नवरीच्या बापानं घर सोडू नये म्हणतात, पण शिरवण्याचा हिरामण दुपारीच पायात वहाणा अडकवून निघाला. "देवाची बाटली तुर्भ्याहून मीच आनतो," म्हणाला. थोरला भाऊ कमळाकर खूश झाला. त्यांच्या घरातली चालच होती तशी: हळदीला बापानं कुळदेवाला दारूची धार द्यायची, उरलेला पेला आपण रिचवायचा, मगच नवरी पाटावर बसायची. दारूबंदी सरकारची, देवाला ती कोण सांगणार?

चेहरा उतरला तो नवरीचा, काशीचा. थोरलीच्या हळदीत हाच बाप पिऊन परातीत आडवा झाला होता. काशीनं त्याला बजावून ठेवलं होतं, "आबा, तू प्यालास तर मी पाटावर बसनार नाय. वऱ्हाड दारात आलं तरी नाय."

बाटली हे नुसतं निमित्त होतं. तुर्भ्याला म्हणे दारू सोडलेली माणसं रविवारी दुपारी एकत्र बसतात आणि एकमेकांना सावरतात. मुंबईत निघालेली ही बैठक कुणीतरी खाडीपार आणली होती. एका होडीवाल्यानं हे सांगितलं, तेव्हापासून हिरामणाचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. महिनाभर त्यानं थेंब घेतला नव्हता. पण भरल्या मांडवात पेला हातात आला की आपण घसरणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मिठागराच्या बांधावरून तो जवळजवळ पळतच तुर्भ्यात शिरला, आणि तिथं घोडं पेंड खाऊ लागलं. विचारायचं काय? प्यायची लाज गड्याला कधी वाटली नव्हती, सोडायची वाटली. शेवटी ओट्यावर बसलेल्या शिंप्याला त्यानं हळूच विचारलं, "ते दारूवाले जमतात ते कुठं?"

शिंप्यानं पोलीस नाही ना ते पाहिलं, डोळा मारला आणि मशीन सोडून वाट दाखवायला उठला. अशी परोपकारी माणसं!

तिवरांच्या आड हिरामण पोचला तो थेट पुतळाबाईच्या भट्टीवर. काही बोलायच्या आत तिनं त्याच्या हातात नुकत्याच गाळलेल्या गरम दारूचा पेला ठेवला. वास नाकात शिरला. तोंडाला पाणी सुटलं, हात आपोआप वर येऊ लागला. डोळ्यांपुढं काशी उभी राहिली म्हणून बरं.

"मावशे, घे हा परत!" तो ओरडलाच. "मी सोडायला आलोय!"

"सोडायला? माझ्या भट्टीवर?" पुतळाबाई कमरेवर हात ठेवून हसत सुटली. हसता हसता तिनं पेला काढून घेतला. "अरे दादूस, ती उलट्या डोक्याची मानसं फजलच्या लाकडाच्या वखारीत बसतात. माझी गिऱ्हाइकं पळवतात मेले. माझा घोव पन तिथंच हाय."

देवाची बाटली तिथंच घेऊन हिरामण वखारीकडं धावला. आत ओंडक्यांवर पाच-सहा माणसं चहा पीत होती. बाटली बघून सगळे उठूनच उभे राहिले. पुतळाबाईच्या नवऱ्यानं, जयदेवनं, ती दाराबाहेर ठेवायला लावली आणि त्याला बसवून घेतलं. एकेक जण आपलं नाव सांगत होता आणि दारू आपल्याला आवरत नाही हे सगळ्यांसमोर कबूल करत होता. हिरामणाची पाळी आली आणि जीभ टाळूला चिकटली. नुसतं हळदीचं संकट तेवढं त्यानं कसंबसं सांगितलं.

"घरात भट्टी हाय माझ्या," जयदेव म्हणाला. "उद्याचं मला ठाव नाय. आज नाय प्यालो. तू पन आजचंच बघ."

एवढंच? हिरामणाला हसू आलं, रडू आलं, उठून नाचावंसं वाटलं. घरात भट्टी असून हा माणूस कोरडा राहतो, तर मग आपल्यालाही जमेल!

हळदीपर्यंत सोबत करायला जयदेवही उठला. राहिली बाटली. ती हिरामणाच्या हाती नको आणि जयदेवच्याही नको. मग दोघांनी बांबूची दांडी खांद्यांवर घेतली, मधोमध बाटली टांगली आणि बांधावरून निघाले. मागचा पुढच्यावर नजर ठेवी, पुढचा दर चार पावलांनी मागं बघे. वाटेत भेटलेली माणसं पोट धरून हसली. ते दोघंही हसले.

मांडवात कुजबुज सुरू झाली. काशी दाराआडून बापाची चाल निरखत होती. कमळाकरनं पेला भरून हातात दिला. हिरामणानं देवापुढं धार धरली ती थांबवलीच नाही. पेला पार रिकामा झाला.

"अरे, तुझा घोट?" कमळाकर ओरडला.

हिरामणानं जयदेवकडं पाहिलं. वखारीत अडकलेले शब्द आता भरल्या मांडवात सुटले.

"मी हिरामन. दारू मला आवरत नाय. आज मी पिनार नाय."

कमळाकरनं पेला पुन्हा भरायला बाटली उचलली. तेवढ्यात आतून काशीचा आवाज आला, रडवेला पण खणखणीत.

"पाट मांडा गो! मी बसते."