काचेजवळची खुर्ची

"मावशी, एक तर हातमोजे घाला, नाहीतर आतल्या खोलीत बसा," ड्रायक्लीनिंगच्या दुकानाचा मालक म्हणाला. "गिऱ्हाइकं तुमच्या नखांकडे बघतात."

बघतील नाहीतर काय! रफूवाल्या मावशींची दहाही नखं पिवळी, खड्ड्याखड्ड्यांची, कडेने उचललेली. सोरायसिस. तो कुणाला लागत नाही, हे मालकाला दहादा सांगून झालं होतं. महिन्यातून एकदा लेझर आणि रोज मलम, असे उपचार चालू होते. लेझरने नखाला बारीक भोकं पाडायची, म्हणजे मलम आत झिरपतं. "जन्मभर कपड्यांची भोकं बुजवली, आणि तुम्ही माझ्या नखांना पाडताय होय!" असं मावशींनी डॉक्टरीणबाईंना ऐकवलंही होतं. त्या हसून म्हणाल्या, "वर्षभर धीर धरा. नख फार सावकाश वाढतं."

पण आतल्या खोलीत उजेडाच्या नावाने बोंब. बावीस वर्षं मावशींची खुर्ची काचेजवळ होती. ती गेली की रफूच संपलं. म्हणून त्यांनी मुकाट्याने हातमोजे चढवले आणि व्हायचं तेच झालं. बोटांना अस्तर कळलंच नाही, आणि रफूला आलेल्या एका कोटाची फाटलेली बाही अस्तरासकट शिवली गेली. असला घोळ नवशिक्यासुद्धा करत नाही!

मावशींचं डोकं सणकलं. हातमोजे ओढून काढून त्यांनी मालकाच्या पुढ्यात टाकले.

"हे तुम्हीच घाला. मी इथंच बसणार, उघड्या हातांनी शिवणार. चालत नसेल तर आत्ताच सांगा."

"कोट संध्याकाळी द्यायचाय हो," मालक एवढंच पुटपुटला.

मावशींनी टाके उसवले, अस्तर बाजूला सारलं, कोटाच्याच आतल्या शिवणीतून धागे काढून एकेक विणत नेले. कालच्या लेझरने बोटं ठसठसत होती. ठसठसू देत मेली!

संध्याकाळी कोटवाल्या बाई आल्या आणि मावशींचे हात पाहून दोन पावलं मागे सरल्या. "अगंबाई! माझ्या कोटाला यांनी हात लावला?"

"नाही, म्हणजे..." मालक चाचरला.

"लावला," मावशी म्हणाल्या. "सोरायसिस आहे, लागत नाही. तुम्ही कोट नीट बघून घ्या."

बाईंनी बाही उजेडात धरली, उलटसुलट केली, चष्मा लावून पाहिली. "फाटलं होतं कुठे पण?" मालकानेही डोकं खुपसलं. त्यालाही सापडेना.

मावशी उठल्या. आपलं पिवळं, वाकडं नख त्यांनी बाहीवर नेमकं टेकवलं.

"इथं."

बाई त्या नखाशी वाकून बघत राहिल्या.