ज्याने त्याने टेकडी गाठावी

विहीणबाई म्हटलं की रुसवे, मानपान आणि साडीच्या काठावरून झालेली कुरबुर, एवढंच सविताबाईंनी चिंचवडमध्ये जन्मभर पाहिलं होतं. त्यांच्या स्वतःच्या वाट्याला आलेली विहीण मात्र निघाली जपानची. भांडायचं म्हटलं तरी दोघींकडे मिळून चाळीस इंग्रजी शब्द नव्हते, त्यामुळे संबंध उत्तम होते.

विहिणीचं नाव फुमिको. जपानच्या ईशान्येला, इवातेच्या किनाऱ्यावर एका लहानशा बंदराच्या गावी ती एकटी राहायची. तिचा नवरा चौदा वर्षांपूर्वीच्या त्सुनामीत गेला. मुलाच्या, यशोधनच्या लग्नाच्या वेळी सविताबाईंना एवढंच सांगण्यात आलं होतं, आणि त्यांनीही कधी खोदून विचारलं नव्हतं. मेलेल्या माणसाबद्दल सुनेला काय विचारायचं, आणि तेही परदेशात, टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये, तिच्याच स्वयंपाकघरात उभं राहून.

दर जूनमध्ये टॅम्पिनीसच्या शाळेला सुट्टी लागली की आठ वर्षांची नात आर्या या जपानी आजीकडे जायची. जाऊन काय करायची? तर तिथल्या गावच्या शाळेत बसायची. परदेशी राहणाऱ्या नातवंडांना तिकडच्या शाळा दोन-तीन आठवडे पाहुणे म्हणून वर्गात घेतात. सुट्टी मिळाल्यावर दुसऱ्या देशातल्या शाळेत जाणारी ही जगातली एकमेव पोर असावी, असं सविताबाईंचं मत होतं. ते त्यांनी यशोधनला ऐकवलं होतं आणि सुनेला, हारुकाला ऐकवायचं टाळलं होतं. यंदाही हारुका मुलीला सोडून आठवड्यापूर्वीच परत आली होती.

त्या मंगळवारी सकाळी नऊच्या सुमाराला घरात सविताबाई एकट्याच होत्या. यशोधन चांगी बिझनेस पार्कमधल्या बँकेत गेलेला, हारुका शहरातल्या ऑफिसला निघालेली. समोर मेथीची जुडी आणि टीव्ही. पानं खुडता खुडता त्यांचं लक्ष वर गेलं, तर पडद्यावर जपानचा नकाशा होता आणि त्याची उजवी कड लालभडक झाली होती. समुद्रात मोठा भूकंप झाला होता. तीन मीटरपर्यंत लाटा येऊ शकतात, किनारा सोडा, असं निवेदिका सांगत होती. तीन मीटर म्हणजे एकीच्या डोक्यावर दुसरी अशा दोन सविताबाई. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

आता अशा वेळी चिंचवडची बाई काय करील? जे कुठलीही करील, तेच त्यांनी केलं. फोन लावला. विहिणीसाठी म्हणून मुद्दाम घेतलेल्या ‘लाइन’ नावाच्या ॲपवरून लावला आणि दुसऱ्याच घंटीला फुमिकोने उचलला. मागे कसल्या तरी यंत्राची घरघर आणि बायकांची गडबड ऐकू येत होती.

“फुमिको-सान, त्सुनामी! आर्या स्कूल! यू गो. ब्रिंग आर्या. प्लीज, गो, ब्रिंग!”

“येस,” फुमिको म्हणाली. “येस, येस. आय गो. ब्रिंग.” आणि फोन बंद झाला.

सविताबाईंचा जीव भांड्यात पडला. बाई शहाणी आहे, एका शब्दात समजली, असं मनाशी म्हणत त्यांनी मेथी बाजूला सारली आणि देवापुढे निरांजन लावलं. समुद्र ओलांडायचा अनुभव देवांमध्ये मारुतीलाच सगळ्यात जास्त, म्हणून गाऱ्हाणं त्याच्याकडेच घातलं.

पाऊण तासाने हारुका घरी आली. ऑफिसला जाताना एमआरटीच्या गाडीतच तिला बातमी कळली होती, पुढच्याच स्टेशनवर उतरून ती उलटी फिरली होती. आल्या आल्या तिने टीव्हीवर जपानी वाहिनी लावली, फोन टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसली. त्याला हात लावला नाही. आईला नाही, शाळेला नाही, कुणालाच फोन नाही. सविताबाई पाच मिनिटं गप्प राहिल्या, आणि त्यांच्या मानाने ती बरीच झाली.

“अगं, आईला फोन लाव की.”

“नाही, आई.” हारुका मराठी शिकली होती ती नेटाने. वाक्यं चुकायची, पण अर्थ कधी चुकायचा नाही. “आमच्याकडे फोन करत नाही. आमच्या किनाऱ्यावर म्हणतात, तेंदेन्को. त्सुनामी आला की ज्याने त्याने पळायचं. आपापलं. आईने मुलाकडे जायचं नाही, मुलाने आईकडे जायचं नाही. फोन पण नाही. सरळ टेकडी.”

सविताबाईंना हे काही पटेना. आपल्याकडे एकाला ठेच लागली तर दहा जण वाकून बघतात. पोटच्या पोरीला सोडून पळायचं, आणि वर त्याला नावही द्यायचं? “हे तर स्वार्थीपणाचं झालं, बाई,” त्या म्हणाल्या.

“नाही,” हारुका म्हणाली. “विश्वास. मला माहीत आहे, आई पळाली असेल. आईला माहीत आहे, आर्या पळाली असेल. कुणी कुणाला शोधायचं नाही, म्हणून सगळे वर.” “माझे बाबा वर होते, आई. ऑफिसात. टेकडीवर. ते खाली गेले, माझ्या आजीला आणायला. आणि आजी आधीच वर होती. शेजारच्या माणसाने पाठीवर नेली होती.”

तेवढ्यात फोन वाजला आणि दोघीही दचकल्या. शाळेचा निरोप होता. सगळी मुलं वरच्या मैदानावर, सगळी सुखरूप. सोबत एक फोटोही होता. मुलं ओळीने बसलेली आणि प्रत्येकाच्या डोक्यावर भूकंपात डोकं वाचवणारं, कापूस भरलेलं जाड टोपडं. तिसऱ्या ओळीत आर्या कॅमेऱ्याकडे बघून दोन बोटं दाखवत होती. हारुकाने फोटो छातीशी धरला आणि पहिल्यांदा मोठा श्वास घेतला.

सविताबाईंनीही घ्यायला हवा होता. पण त्यांना सकाळचा स्वतःचा फोन आठवला. नात टेकडीवर होती. मग तिला आणायला गेलेली बाई कुठे होती?

“शाळा फुमिकोच्या घराजवळच ना गं?” त्यांनी अंदाज घेत विचारलं.

“घराजवळ. पण आई सकाळी बंदरावर असते. समुद्रातलं शेवाळ खारवतात, पाकिटात भरतात, ती शेड. शेडच्या मागेच पायऱ्या आहेत, देवळाच्या. तीन मिनिटांत वर.”

“आणि तिथून शाळेत जायचं झालं तर?”

“मग पूल,” हारुका म्हणाली. “नदीच्या तोंडावरचा. समुद्राच्या कडेने.” आणि मग तिने सासूकडे वळून पाहिलं. “का?”

सविताबाईंच्या मनात आलं, गप्प बसावं. कुणाला कळणार होतं? पण एवढं मोठं ओझं पोटात ठेवून सुनेसमोर बसणं त्यांना जमणारं नव्हतं. यंत्राच्या घरघरीपासून ‘आय गो, ब्रिंग’पर्यंत सगळं त्यांनी सांगून टाकलं.

हारुका ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, “किती वाजता?”

“नऊ. नऊ-पाच.”

तिने हिशेब केला असावा, कारण तिचे ओठ पांढरे पडले. पहिली लाट सव्वानऊला लागली होती. ती जेमतेम गुडघाभर होती, पण दुसरी त्याहून मोठी येते, हे टीव्हीवरचा माणूस दर दोन मिनिटांनी सांगत होता. हारुकाचा हात फोनकडे गेला आणि मागे आला. आई अजून चढत असेल तर घंटी वाजवून तिला थांबवायची नव्हती. चढत नसेल, तर फोन करून काही उपयोग नव्हता.

मग सुरू झालं वाट बघणं. सविताबाई एरवी वाट बघताना दहा कामं करतात, त्या दिवशी एकही सुचलं नाही. मेथी तशीच सुकून गेली. पडद्यावर कुठलंसं बंदर दिसायचं, पाणी उलटं वर चढायचं, दोन होड्या एकमेकींवर आपटायच्या, की लगेच दुसरं बंदर. दर वेळी सविताबाई विचारायच्या, “हे का?” आणि हारुका नकारार्थी मान हलवायची. एकदा यशोधनचा फोन आला, तर हारुकाने दोन वाक्यांत त्याला वाटेला लावलं. सासूचं नाव मात्र घेतलं नाही. ते सविताबाईंना फार लागलं. आपण तिच्या आईला समुद्राकडे पाठवली आणि ही आपल्याला मुलासमोर पाठीशी घालते आहे, या विचाराने त्यांना भडभडून आलं.

“हारुका,” त्या शेवटी म्हणाल्या, “तिला काही झालं ना, तर मी या घरात राहणार नाही.”

“आई, आता बोलू नका,” हारुका म्हणाली. पण उठून त्यांच्या शेजारी येऊन बसली.

बारा वाजून गेले. सव्वाबारा, साडेबारा. एकला दहा मिनिटं असताना अनोळखी जपानी नंबरावरून फोन आला. हारुकाने उचलला, “मोशी मोशी” म्हणाली आणि पुढचं तिला बोलताच येईना. ती नुसती रडायला लागली. सविताबाईंना वाटलं, संपलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. तेव्हा फोनमधून विहिणीचा आवाज आला. खणखणीत, चांगला तापलेला. ती लेकीला रागावत होती. भाषा कुठलीही असो, रडू नकोस म्हणून रागावणारी आई लगेच ओळखू येते.

हारुकाने स्पीकर लावला आणि डोळे पुसत पुसत एकेक वाक्य मराठीत सांगू लागली. फुमिको देवळात होती, सकाळपासून. सोबत शेडमधल्या अकरा बायका. स्वतःचा फोन पळताना शेडमध्येच पडला. खाली उतरायची कुणाला परवानगी नव्हती आणि वर अर्ध्या तासापूर्वीपर्यंत कुणालाच रेंज नव्हती. आता एका कोळ्याच्या फोनवरून सगळ्या रांगेने बोलत होत्या. शेडमध्ये कमरेपर्यंत पाणी शिरलं, शेवाळाची पिंपं वाहून गेली, माणूस मात्र एकही गेलं नाही.

“आणि पूल?” सविताबाईंनी विचारलं. “ती पुलावर गेली नाही?”

हारुकाने विचारलं. पलीकडून फुमिको बरंच मोठं बोलली.

“आई म्हणते, सविता-सानची माफी मागते. ती खोटं बोलली. जाते म्हणाली, पण जाणारच नव्हती. आर्या पहिल्या दिवशी शाळेत गेली तेव्हाच दोघींचं ठरलं होतं. आजी घ्यायला येणार नाही, तू वर जा, मी पण वर जाईन. ‘नाही’ म्हटलं असतं तर तुम्ही आणखी बोलला असता. म्हणून ‘येस’ म्हणाली आणि पळाली.”

सविताबाईंना हसू फुटलं आणि त्यातच रडूही. “बरं झालं गं बाई, खोटं बोललीस,” त्या फोनकडे तोंड करून म्हणाल्या. “माझ्यासारखीला असंच गंडवावं.” अंगातून काहीतरी जड उतरून गेल्यासारखं वाटलं आणि त्यांना एकदम सपाटून भूक लागली.

पण फुमिकोचं संपलं नव्हतं. ती आता हळू बोलत होती, मध्ये मध्ये थांबत. हारुका ऐकत होती आणि भाषांतर करत नव्हती. सविताबाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“काय म्हणते?”

“त्या दिवशी,” हारुका म्हणाली, “बाबांना फोन आईने केला होता. ती दुसऱ्या गावात होती. एकच फोन लागला. ‘तुमच्या आईला घेऊन या,’ असं आई म्हणाली. बाबा ‘हो’ म्हणाले, आणि खरंच गेले.” तिने सविताबाईंकडे पाहिलं. “मला माहीत नव्हतं. चौदा वर्षं कुणाला सांगितलं नाही. आज तुमचा आवाज ऐकला तेव्हा तिला वाटलं, तो आवाज तिचाच आहे.”

पलीकडे कुणीतरी खोकलं. मागच्या बायकांची कुजबुज थांबली होती.

सविताबाईंना शब्द शोधावे लागले नाहीत. “तिला सांग,” त्या म्हणाल्या, “मी आज तेच केलं. अगदी तेच. वाईट बायका नव्हे आपण, घाबरलेल्या होतो. हे तिला सांग. नीट सांग, एकही शब्द गाळू नकोस.”

हारुकाने सांगितलं. त्यानंतर ती स्वतःचंही काहीतरी बोलली, बराच वेळ, दोन्ही हातांत फोन धरून. त्यातलं सविताबाईंना एक अक्षर कळलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही. फुमिको मात्र मोठ्याने रडत होती. इतक्या बायकांच्या समोर, रांग मागे खोळंबलेली असताना, मोकळी होऊन रडत होती, आणि ऐकता ऐकता हारुकाचा चेहरा सैल होत गेला.

शेवटी विहीणबाईंनी नाक ओढलं आणि आपल्या वाट्याच्या वीस शब्दांवर आल्या. “सविता-सान. नेक्स्ट टाइम, यू कॉल?”

“कॉल तर मी करणारच,” सविताबाई म्हणाल्या. “मला राहवणार नाही. पण तुम्ही उचलू नका, विहीणबाई. कितीही वाजला तरी उचलू नका. सरळ वर पळा.”

त्या असं कुणाला आयुष्यात पहिल्यांदाच सांगत होत्या.