चाळीस हजार तास

बाबा लिफ्टचे मेकॅनिक होते. शेवटची साडेचार वर्षं ते दुरुस्तीला गेले की लिफ्टचा आवाज मोबाइलवर टिपायचे आणि घरच्या कॉम्प्युटरवर साठवायचे. आधी स्वतः बोलायचे, तारीख, इमारत, "आज हिचा घसा बसलाय", आणि मग लिफ्ट ऐकू यायची. ते गेल्यावर त्यांचा आवाज उरला तो एवढाच.

धाकट्या भावाने एक व्हिडिओ पाहिला आणि कॉम्प्युटर पळेल म्हणून बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये, शिरून स्टोरेजचा मोड बदलला. स्क्रीन निळी पडली.

"ताई, बाबांचं सगळं गेलं गं," तो म्हणाला.

कॉम्प्युटर उचलून आम्ही डिस्ककाकूंकडे नेला. तीस वर्षं सर्व्हर सांभाळून त्या निवृत्त झाल्या होत्या, आणि हे नाव त्यांना गल्लीने दिलं होतं.

"गेलं काही नाही," काकू म्हणाल्या. "डिस्क जोडायच्या दोन रीती असतात. मोड रेड होता, तू एएचसीआय केलास. विंडोज एका दाराशी उभं, डिस्क दुसऱ्या दाराशी. चुकामूक झाली, बस्स." त्यांनी मोड पूर्ववत केला. बाबांचे फोल्डर दिसले आणि माझ्या जिवात जीव आला.

मग काकूंनी डिस्कने स्वतः ठेवलेली नोंद उघडली आणि चष्मा वर सरकवला.

"हे मॉडेल चाळीस हजार तास चाललं की कायमचं मिटतं. फर्मवेअरमधली, म्हणजे डिस्कच्या आतल्या प्रोग्रॅममधली, खोट आहे. मग आतलं काही हाती लागत नाही."

"आणि चाललंय किती?"

"एकोणचाळीस हजार नऊशे अठ्ठ्याण्णव." त्यांनी तत्काळ कॉम्प्युटर बंद केला. "बंद असला की तास मोजले जात नाहीत. आता बोला. साडेचार वर्षांत हा फक्त एकतीस वेळा सुरू झालाय. वडील बंदच करत नव्हते?"

"यंत्र चालताना दमत नाही, उठताना दमतं, म्हणायचे."

"निदान ते गेल्यावर तरी बंद करायचा," धाकटा पुटपुटला.

मीच करू दिला नव्हता. रिकाम्या खोलीत तो हिरवा दिवा एक्केचाळीस दिवस जळत होता, आणि मला तेवढं पुरत होतं. साधारण हजार तास मी खाल्ले होते.

सगळं उतरवायला चार तास लागणार होते, आणि हातात होते दोन. "आधी कॉपी, मग खोट काढलेलं नवं फर्मवेअर, हा नियम," काकू म्हणाल्या. "आज अर्धाच पाळू. तासभर कॉपी. काय आधी घेऊ?"

"शेवटचं वर्ष," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

तासाभरात तेवढं उतरलं. पण रेड मोडमध्ये फर्मवेअर बदलणाऱ्या प्रोग्रॅमला डिस्क दिसेना. काकूंनी विंडोजला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये, दोन्ही दारं चाचपत, उठायला सांगून ठेवलं आणि मग एएचसीआय निवडला. कॉम्प्युटर निमूट सुरू झाला.

"म्हणजे मी बरोबरच होतो!"

"उत्तर बरोबर, पायरी खाल्लीस. आता त्या प्लगजवळ बस आणि कोणाला फिरकू देऊ नकोस. मधेच वीज गेली तर माझ्याही हातात काही नाही."

यूपीएस लावलेला होता, तरी तो प्लगला पाठ लावून बसला. काकूंनी बटण दाबलं. यादीतून डिस्क नाहीशी झाली.

चाळीस सेकंद ती कुठेच नव्हती. डिस्क म्हणजे बिस्किटाएवढी एक पट्टी, तिच्यावर नखाएवढे काळे चौकोन, आणि त्यांत शेकडो लिफ्ट, हजारो मजले, एक माणूस. ती पट्टी आपण कसं चालायचं तेच विसरून नव्याने शिकत होती, आणि सांभाळायला दिलेलं तेवढं हातून सुटू देत नव्हती.

डिस्क परत यादीत आली, नावापुढे नव्या फर्मवेअरचा आकडा घेऊन. उरलेली कॉपी सुरू झाली. काही वेळाने तासांची नोंद चाळीस हजारांवर गेली. कॉपीची निळी पट्टी सरकतच राहिली.

"खात्री करू," म्हणत काकूंनी अजून न उतरलेल्यांतली, पहिल्या वर्षातली एक फाइल उघडली.

"तळमजला," बाबा म्हणाले. "दार लावतोय."

लिफ्ट गुरगुरत निघाली. ती बराच वेळ चढत होती, आणि आम्ही तिघंही नकळत छताकडे बघत होतो.