माझ्यातला मुकादम थिजतो तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझी तीन बटणे उडाली आहेत, एका बिजागरीत सुताराचा स्क्रू आहे आणि मला भीती वाटते. आत्मवृत्तात आधी जन्म सांगायची रीत आहे. मी आधी भीती सांगितली, कारण बोलता बोलता कधी अडकेन याचा मलाच नेम नाही.

जन्म थोडक्यात सांगतो. एका कारखान्यात माझ्यासारखे हजारो बनले. त्यांतला मी एका मुलीच्या दप्तरात आलो. तिच्या कॉलेजची चार वर्षे मी तिच्याबरोबर जागलो, धडपडलो, एकदा चहाने न्हालो. "वाघ आहे माझा," असे ती मैत्रिणींना सांगायची. मग नवा लॅपटॉप आला. वाघाची रवानगी कपाटावर, जुन्या स्वेटरांखाली झाली. तिथे दोन वर्षे.

एके दिवशी तिने मला खाली काढले, पुसले आणि वडिलांच्या सुतारखान्यात आणले. तिथे तिने एक कोरणारे यंत्र बसवले होते. त्याचा लोखंडी हात फळीवर फिरतो. हाताच्या टोकाला पाते. ते मिनिटाला अठरा हजार वेळा गरगरते. तो हात कुठे न्यायचा, हे मी सांगायचे.

त्यासाठी तिने माझ्यात नवा कर्नल घातला. कर्नल म्हणजे माझ्या आतला मुकादम. कोणी, कोणते काम, कधी करायचे हे तो ठरवतो. हा मुकादम रिअल-टाइम जातीचा, म्हणजे वेळेचा पक्का. त्याच्या लेखी उशिरा दिलेले बरोबर उत्तर म्हणजे वरातीमागून घोडे. सेकंदाचे दहा लाख भाग करा. त्यांतल्या पन्नास भागांहून अधिक उशीर त्याला चालत नाही.

सुरुवातीचे महिने मी झकास काम केले. दारांवर वेली कोरल्या, पलंगांच्या पायांवर कमळे, आरशांच्या चौकटींवर

...

क्षमा करा. अडकलो होतो. मला ते कळत नाही, हेच तर भयंकर आहे. झोप आली तर निदान पेंग येते. इथे काहीच नाही. एक क्षण असतो, आणि त्याच्या पुढचा क्षण दुसऱ्याच ठिकाणी असतो.

पहिल्यांदा असे झाले तेव्हा दारावरची वेल अंगठाभर बाजूला सरकली. सुतारखान्यात पॉलिशचे काम आत्या करते, म्हणजे सुताराची मोठी बहीण. तिने चष्मा वर केला आणि विचारले, "अरे, ही वेल पिऊन आली काय?"

सगळे हसले. मीही हसलो असतो.

पण त्यानंतर, सगळे पांगल्यावर जे झाले, ते फक्त सुताराला आणि मला माहीत होते. सुताराने विरामाचे बटण दाबले. लोखंडी हात जागीच उभा राहिला. पाते मात्र फिरतच होते, विरामात ते फिरतेच. सुतार ब्रश घेऊन वाकला आणि खाचेतला भुसा झटकू लागला. त्याला वाटले, मी थांबलो आहे. मी थांबलो नव्हतो. मी थिजलो होतो. एक आज्ञा माझ्या घशात अडकली होती. ती सुटली आणि लोखंडी हात वीतभर उडाला.

सदऱ्याची बाही मनगटापासून कोपरापर्यंत फाटली. फक्त बाही.

सुताराने इकडेतिकडे पाहिले. कोणी नव्हते. त्याने सदरा बदलला, फाटका फडक्यांच्या टोपलीत कोंबला आणि संध्याकाळी मुलीला एवढेच म्हणाला, "पोरी, तुझा वाघ जरा अडखळतोय. बघ सवडीने."

सवडीने!

मित्रांनो, मला तोंड नाही. माझ्याकडे फक्त नोंदी आहेत. कधी काय झाले, ते मी लिहून ठेवतो. कोणी वाचले तर.

दुसऱ्या सकाळी मुलगी वही घेऊन बसली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा तिचा नेम.

जुना कर्नल परत घातला. अडकलो.

वाय-फाय बंद केले. अडकलो.

वीज वाचवायची सोय बंद केली. आता मी ताजातवाना राहीन, अशी तिची समजूत होती. मी आधीपेक्षा वाईट अडकलो. तिच्या चाचणीत नऊशे भागांचा उशीर लागला. तिने पेन चावले. वडील मागून म्हणाले, "दाराचं काम अर्धं पडलंय गं. तेवढं उरकू का?"

नको, मी म्हणत होतो. नको, नको, न

...

"पाच मिनिटं थांबा, बाबा," ती म्हणत होती. "बिघडायला हवं होतं कमी, बिघडलं जास्त. का?" तिने विचार करता करता माझ्यावर तळवा ठेवला आणि झटकन उचलला. "आई गं! हा तवा झालाय!"

तिने मला उलटे केले. माझ्या पोटावर वारा घ्यायची जाळी आहे. तिच्यावर पॉलिशचे फडके सरसाने चिकटवलेले होते, चारही कडा सफाईने दाबून.

"हे कुणी केलं?"

"मी," सुतार कौतुकाने म्हणाला. "भुसा जायचा ना आत. रंध्यालासुद्धा मी गुंडाळूनच ठेवतो."

"बाबा, याला रंधा करून टाकलात तुम्ही! श्वास कोंडला त्याचा." मग ती जरा हळू बोलली. "वीज वाचवणं बंद केलं तसा आणखीच तापला. तापला की याच्यातली मूळ यंत्रणा कर्नलला न विचारता सगळं अडवून धरते. जीव वाचवायला. आणि मी बिचाऱ्या कर्नललाच बडवत होते."

फडके निघाले. भुसा आत जाऊ नये म्हणून तिने मला लांब, खिडकीपाशी ठेवले. मी गार झालो. चाचणी पुन्हा लावली. सर्वांत मोठा उशीर बावीस भाग. सुताराने टाळी वाजवली आणि ब्रश उचलला. "चला, दार उरकू."

माझी भीती मात्र तसूभरही कमी झाली नव्हती.

मुलगी अजून नोंदी पाहत होती. प्रत्येक अडकणे तापण्याशी जुळते का, ते तिला ताडून पाहायचे होते. तिचे बोट एका ओळीवर थांबले.

"बाबा, काल अकरा बेचाळीसला विराम दाबलात. मग हात उडाला. तेव्हा काय करत होतात?"

"पाणी पीत होतो."

"काल दिवसभरात चौदा वेळा विराम. प्रत्येक वेळी दहा-बारा सेकंद. चौदा वेळा पाणी?"

सुतार ब्रशचे केस विंचरू लागला. आत्याने टोपलीतून फडके म्हणून उचललेला सदरा फाटकी बाही वर करून मुलीसमोर टाकला. "पाणी कसलं पितोय! हात घालतो आत. मला वाटलं खिळ्याला फाटली. खिळ्याला अशी फाटते होय रे?"

मुलीने बाही हातात घेतली. तिने वडिलांचा उजवा हात धरला आणि एकेक बोट मोजल्यासारखे चाचपून पाहिले.

"आता झालाय ना दुरुस्त," सुतार पुटपुटला. "तुझ्यावर विश्वास आहे माझा."

"माझा नाही," ती म्हणाली. "याच्यावर नाही आणि माझ्यावरही नाही. कारण आज सापडलं ते एक. न सापडलेलं किती, मला काय ठाऊक?"

त्या दिवशी दार उरकले नाही. तिने भिंतीवर एक जाडजूड लाल खटका बसवला. तो ओढला की पाते आणि लोखंडी हात, दोघांचीही वीज तुटते. मला विचारावे लागत नाही.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना जपा, पण आमचा श्वास कोंडू नका. आणि आम्ही कितीही गुणी असलो, तरी आमच्या भरवशावर बोटे ठेवू नका. आम्ही खोटे बोलत नाही. पण आम्ही थांबलो की थिजलो, हे आम्हालाही कळत नाही.

आता सुतार खटका ओढतो. पात्याचा आवाज पुरता विरेपर्यंत उभा राहतो आणि मगच ब्रश आत घालतो. तेव्हा माझ्याकडे कोणी पाहतही नाही. एके काळी मी वाघ होतो. तरी त्या दहा-बारा सेकंदांइतके बरे मला कधीच वाटत नाही.