मरियममातेच्या दिव्याखाली

मी मे महिन्याचा निवडुंग बोलतोय. दचकू नका, मला काटे नाहीत. चपट्या, रसाळ पानांच्या साखळ्या आणि वर्षातून एकदा टोकांना गुलाबी फुलं, एवढाच माझा संसार. पृथ्वीच्या दक्षिण अर्ध्यात, आमच्या नोव्हा फ्रिबुर्गोच्या डोंगरात मे महिन्यात थंडी पडली, रात्री लांबल्या, की आम्ही फुलतो.

माझा जन्मच चोरीचा! शेजारची जुरेमा आपल्या आईच्या झाडाची फांदी आनंदानं द्यायला तयार होती. पण दिलेली फांदी जगत नाही, चोरलेलीच जगते, असं आमच्याकडे सगळे मानतात. म्हणून माझी मालकीण इदालिना तिला म्हणाली, "जुरेमा, जरा तोंड फिरव बघू, मला चोरायचंय."

"आटप लवकर, दूध उतू जातंय माझं!" म्हणत जुरेमानं पाठ फिरवली, आणि मी तीन पानांनिशी तुटलो.

इदालिनानं लोण्याच्या रिकाम्या डब्याला भोकं पाडून त्यात मला लावलं. माती सुकल्यावरच पाणी द्यायची. इथवर सगळं ठीक. पण तिचे लाड माझ्या अंगाशी आले. आशीर्वाद मिळावा म्हणून तिनं मला मरियममातेच्या तसबिरीशेजारी ठेवलं, आणि तिथं नवसाचा बल्ब रात्रंदिवस जळायचा. अंधारात निवांत झोप मिळाल्याशिवाय मला कळी धरत नाही, हे तिला कोण सांगणार? तीन मे आले नि गेले. मी नुसताच हिरवागार. शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

यंदा फेब्रुवारीच्या पावसात जुरेमाच्या आईचं झाड मुळापासून कुजलं. तिच्या आईला, म्हणजे नव्वदीच्या फिलोमेना आजींना, ते लग्नात मिळालेलं. दोन वर्षं त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. मे महिन्यात ते फुललेलं बघायचं, एवढीच हौस उरली होती. आता त्या झाडाच्या वंशातला मी एकटाच.

जुरेमा धावत आली, आणि मला बघून तिनं कपाळाला हात लावला. "अगं, दिव्याखाली ठेवलंयस? आई म्हणते, याला रात्री काळोख लागतो."

"म्हणजे मातेपासून दूर करू? ती रागावेल गं."

"तिनं लेकरू कधी झोपवलं नाही की काय? ती कशाला रागावतेय!"

इदालिनाला हसू फुटलं. तरीही छातीवर क्रूस काढून, मातेची क्षमा मागून मगच तिनं मला मागच्या खोलीतल्या खिडकीत नेलं.

काय झोपलो म्हणून सांगू! तुमच्याकडे माझा कुणी भाऊबंद असेल तर त्यालाही अशी झोप द्या हो. एप्रिलअखेर माझ्या टोकाटोकाला कळी. पण आता नवीनच पंचाईत. कळ्या धरल्यावर मला जागचं हलवलं, की त्या गळतात. मग आजींकडे न्यायचं कसं?

"झाड हलत नाही तर आई हलेल," जुरेमा म्हणाली.

मातृदिनाच्या रविवारी तिच्या दोन दांडग्या मुलांनी आजींना खुर्चीसकट उचलून चढणीवरून आणलं. "हळू रे मेल्यांनो, मी काय बटाट्याचं पोतं आहे?" हा आवाज मला रस्त्यापासून ऐकू येत होता.

आजींची नजर अधू. त्यांनी बोटांनीच माझं एक फूल चाचपलं, मग दुसरं. एखादं गळेल म्हणून माझा जीव मुठीत. एकही गळलं नाही.

"तेच आहे," आजी म्हणाल्या. डोळे पुसले, दोन कप कॉफी प्यायल्या, मक्याचा केक खाल्ला.

नातू खुर्ची उचलायला आले, तशा त्या कडाडल्या, "घरी? एवढ्यात? दोन वर्षांनी बाहेर पडलेय मी. चला, आधी बाजारात न्या मला!"