कोपराखालची उशी

मी उशी आहे खरी, पण माझ्यावर डोकं ठेवून आजवर कोणी झोपलेलं नाही. मित्रांनो, मी वीतभर लांबीची, जुनी रेक्झीनची उशी. रक्त तपासायच्या खोलीत टेबलावर पडून असते. सुई टोचण्याआधी माणसं माझ्यावर कोपर टेकवतात. काम एवढंसंच, पण माझ्यावाचून करून दाखवा म्हणावं!

गादीच्या कारखान्यात उरल्यासुरल्या कापसातून माझा जन्म झाला. थोरल्या बहिणी पलंगावर गेल्या, माझ्या वाट्याला स्पिरिटचा वास आला. पण इथे बसून मी माणूस जेवढा ओळखला, तेवढा त्या घोरणाऱ्यांच्या डोक्याखाली राहून काय ओळखणार? तोंड म्हणतं, "मला कसली भीती!" आणि नाडी माझ्या अंगावर ढोल बडवत असते. त्यातून गुप्तरोगाची तपासणी असली, तर माणूस तोंडाला रुमाल बांधून येतो आणि मित्रासाठी विचारतोय म्हणून सांगतो. बरा बाई तो मित्र, याच्याच हातातून रक्त देतो!

वर्षं गेली. माझी शिवण उसवली, कापूस बाहेर डोकावू लागला. मला टाकायचं घाटत होतं, तेवढ्यात एके सकाळी शिवणकाम करणाऱ्या एक मावशी तरातरा आत आल्या. मागे घाम पुसत त्यांचा लग्नाचा लेक.

"ही कसली उशी?" मला बघून त्या म्हणाल्या. "टाके आहेत की कोंबडीनं चोची मारल्यात?"

मला असा राग आला म्हणता!

रक्त घेणाऱ्या ताई हसल्या. "बसा मावशी. तपासणी कुणाची?"

"याची. होणारी सून म्हणते, लग्नाआधी दोघांनी गुप्तरोगाची तपासणी करायची. आहे की नाही बेशरम! आमच्या घराण्यात खोट शोधते!"

लेकानं हात टेकवला आणि सुई दिसताच डोळे पांढरे केले.

"ऊठ रे," मावशी गरजल्या. "सुईवर घर चालवलं मी, आणि तू सुईला भितोस? बघ, हात असा द्यायचा. ताई, माझंही घ्या. सगळ्याच तपासण्या करा. कळू दे त्या पोरीला, घर कसं धुतल्या तांदळासारखं आहे ते."

ताईंनी विचारलं, "तुम्हाला खरंच करायच्यात ना?" मावशींनी मान डोलावली. त्यांची नाडी संथ चालली होती. त्यांचं बघून लेकानंही मुकाट रक्त दिलं.

दुसऱ्या दिवशी ताईंनी दोघांना वेगवेगळं आत बोलावलं. लेकाचा निकाल चांगला होता. तो हसत बाहेर गेला. मग मावशी आल्या. ताईंनी दार लावून घेतलं आणि हळूच सांगितलं, "मावशी, हे तुमच्या-माझ्यात. तुमच्या रक्तात सिफिलिस हा गुप्तरोग दिसतोय. खात्रीसाठी पुन्हा रक्त घेऊ."

मी कापसाची, तरी दगड झाले. मावशींचा हात माझ्यावर होता, तो बर्फासारखा गार पडला.

"माझ्या? अहो, नवरा जाऊन किती काळ लोटला! मी कधी मान वर करून..."

"म्हणजे त्यांच्याकडूनच आला असेल. हा आजार वर्षानुवर्षं अंगात गप्प बसतो. घराणं बघून येत नाही, मावशी. पण औषधानं बरा होतो."

मावशींनी चटका बसल्यासारखा हात उचलला. "ही उशी टाकून द्या आता. माझा हात लागलाय."

ताईंनी स्वतःचं उघडं कोपर माझ्यावर टेकवलं, हनुवटी तळहातावर ठेवली आणि निवांत बसल्या. "हात टेकून हा पसरत नाही."

मित्रांनो, मावशी माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग रडल्या. आजारासाठी नव्हे. "आता त्या पोरीला कोणतं तोंड दाखवू?" म्हणून.

पुन्हा रक्त घेतलं, निकाल तोच आला. डॉक्टरीणबाईंनी इथेच आठवड्याला एक, अशी तीन इंजेक्शनं दिली. ती काही दंडात देत नाहीत! पहिल्या वेळी मावशींनी मला पोटाशी आवळून धरलं. उशी म्हणून मला पहिल्यांदाच कोणी जवळ घेतलं.

शेवटच्या इंजेक्शनाला त्यांच्यासोबत एक मुलगी आली. तीच, बेशरम म्हटलेली. मावशींनी स्वतःच तिला सगळं सांगून टाकलं होतं.

"आई, दुखतंय का?"

"दुखतंय तर! तुझ्या हट्टापायी दुखतंय," मावशी म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "तू हट्ट धरला नसतास, तर हे अंगात घेऊनच मेले असते गं."

मुलीनं मावशींच्या पिशवीतून त्यांनी शिवलेली एक निळी खोळ काढली आणि माझ्यावर चढवली. सरळ, बारीक, मोत्यासारखे टाके. टाकायची गोष्ट त्या दिवशीच बंद झाली.

आता मावशी कधी बहिणीला घेऊन येतात, कधी शेजारणीला. दारातूनच दटावतात, "लाजतेस कशाला? ठेव हात. उशी माझ्या हातची आहे!"

तेव्हा मित्रांनो, मोठे झालात आणि मनात शंका आली, तर ती घरी उशाला घेऊन झोपू नका. इकडे या. तुमची नाडी ढोल बडवेल, बडवू दे. मी कोणाला सांगत नाही.